बत्तीस पिसांचा मोर

लोटन : डबीत नाही, खिशात नाही, रेडिओच्या खोक्यात नाही. मी पहूरला गेलो तेव्हा इथं, या फळीवर पुडीत ठेवली होती. काळी, चाळीस पायांची, गोमेसारखी. तुला दिसली का, एवढंच विचारतोय.

पुष्पाबाई : गोमसारखी म्हणतात, आनि परत घरात ठेवतात.

लोटन : सुनंदाची माय, आज थट्टा नको. चार वाजेला धुळ्याचे व्याही दारात उभे राहतील. मोर पाटावर तयार आहे, दिवे तयार आहेत, वायरी तयार आहेत. फक्त चिप नाही.

पुष्पाबाई : ती चिप व्हती का? मंग हरपेल नही. ती बाजवर वाळी राह्यनी ना.

लोटन : वाळतेय?

पुष्पाबाई : ज्वारीच्या बिबड्यांसंगे, पापडासारखी.

लोटन : चिप?

पुष्पाबाई : तुम्ही पहूरले गेलात, त्याच दिवशी माठ कलंडला. बठ्ठं पानी फळीवर. पुडी भिजीसन चिंब. म्हटलं, दिल्लीहून इतक्या खटपटीनं आणलेली वस्तू, बुरशी धरली म्हणजे? मंग बिबडे टाकले तशी तीबी टाकी दिन्ही. आठ दिवस झाले. सकाळी बाहेर, सांजले घरात. एक दिवस उताणी, एक दिवस पालथी. बिबडेबी मी इतक्या मायेनं नही वाळवले.

लोटन : आण इकडे. आण. हळू. पाय वाकतील तिचे.

पुष्पाबाई : धरा. बघा कशी कडकडीत झाली.

लोटन : हिच्या पाठीवर चंदेरी कागद चिकटवलेला होता. कुठं गेला?

पुष्पाबाई : तो भिजीसन निघतच होता. मी सोलून टाकला आनि पदरनं पुसून घेतली. खाली काय सुरेख काच निघाली! आभल्यासारखी. असली काच कोनी झाकून ठेवतं का?

लोटन : झाकून ठेवतात! ती काच नाही, खिडकी आहे खिडकी! त्या खिडकीतून ऊन आत गेलं की हिला शिकवलेलं सगळं पुसलं जातं! म्हणून तर वर कागद असतो!

पुष्पाबाई : उन्हानं शिकवलेलं पुसलं जातं?

लोटन : दिल्ली-मुंबईला पुसायचं म्हटलं तर वेगळा दिवा लागतो, खास. त्याच्याखाली ठेवावी लागते. आपल्याकडे काय, चैत आहे आणि तुझी बाज आहे. आठ दिवस! एक दिवस उताणी, एक दिवस पालथी!

पुष्पाबाई : पालथी होती तेव्हाचं तरी राहिलं असेल की. निम्मं.

लोटन : ही काय पोळी आहे, एका बाजूनं कच्ची राहायला?

पुष्पाबाई : माझ्यावर कसाले वरडता? जाताना सांगितलं असतं, ही उन्हात नको, तर सावलीत ठेवली असती. तुम्ही सांगितलं, "माझ्या वस्तूंना हात लावू नको." ते तर तुम्ही तीस वर्षांपासून सांगता. त्यात नवीन काय?

लोटन : दीड वर्ष लागलं ही मिळवायला. दीड वर्ष! जळगावला गेलो, तर दुकानदार म्हणाला, कोरी आहे, घेऊन जा. म्हटलं, कोरी घेऊन काय करू? तिला शिकवील कोण? तर म्हणे, ते तुमचं तुम्ही बघा. मग एका कॉलेजात गेलो. तिथले सर म्हणाले, कॉम्प्युटर आहे, पण चिपमध्ये भरायचं यंत्र नाही. आणि कॉम्प्युटरची खोली उघडायची तर आधी चपला काढा. मी चपला काढल्या, आत गेलो, बाहेर आलो, चपला गेलेल्या.

पुष्पाबाई : ते आठवतं. अनवाणी उतरले होते एसटीतून.

लोटन : शेवटी मासिकात पत्ता सापडला. "शिकवलेली चिप टपालाने मिळेल." आपल्या भाच्याकडून, चिंधाकडून, इंग्रजीत पत्र लिहून घेतलं.

पुष्पाबाई : आनि काय आलं? कोरी.

लोटन : पहिली कोरी. ती परत पाठवली. दुसरी शिकवलेली होती.

पुष्पाबाई : पन चौकातल्या सिग्नलची. मोर कधी निम्मा लागे, कधी पाव लागे, कधी डोळाच मिचकावे. चिंधा म्हणाला, मामी, आत्ता थांबायची खूण शे. मी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन उभी. मंग म्हटलं, मेलं हे माझं घर शे का चौफुली?

लोटन : आणि तिसरी ही. खरी. जायच्या आदल्या रात्री हिनं पिसारा उघडून दाखवला, मिटून दाखवला, एकेक पीस करून. तूच म्हणालीस, जिवंत वाटतो.

पुष्पाबाई : म्हटलं ना. खोटं नही बोलली मी. मंग ती पाटातून काढली कशाला?

लोटन : विजेचा झटका बसू नये म्हणून. मला काय माहीत, घरात सूर्य देव बसलेत.

पुष्पाबाई : आधी लावून तर बघा. लावल्याशिवाय बोंब मारायची तुमची सवय. लग्नात मात्र न बघता लावलं होतं.

लोटन : लग्नाचं काढू नको.

पुष्पाबाई : मी कशाला काढू? व्याही काढतीन. तीन सालपासून काढताहेत.

लोटन : घे, लावतो. बटण तू दाब. मी बघत नाही.

पुष्पाबाई : दाबलं. अगंबाई! लागला की! बठ्ठा लागला! बत्तीसच्या बत्तीस दिवे! उगा जीव काढला माझा.

लोटन : हलतोय का?

पुष्पाबाई : नही. पन काय दिसतो! पिसारा कसा गच्च भरला!

लोटन : हलणार नाही. मिटणार नाही. पहिली कोरी आली होती तीही अशीच बसली होती. कोऱ्या चिपला दुसरं काही येत नाही. वीज मिळाली की बत्तीस पाय ताठ करते आणि उभी राहते. गेली. शिकलेली सगळी गेली.

पुष्पाबाई : मंग राहू द्या असाच. व्याह्यांनी काय सांगितलं होतं? लग्नानंतर पहिल्या आखाजीले, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाले, चिंधा मुराळी म्हणून गेला सुनंदाले आणायला, तर त्याला रिकामा पाठवला, आनि निरोप काय? "लोटनभाऊचं एखादं यंत्र माझ्यासमोर अर्धा तास न विझता चालू दे, मग सून पाठवतो." न विझता. मोराचं कोनी सांगितलं होतं?

लोटन : नुसता दिवा लावून दाखवू? बल्ब आणि वायर? ते तर कुणीही करतं. त्यांना म्हणायचं आहे की लोटन मिस्तरीला काही येत नाही. बसस्टँडवर सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना सांगितलंय त्यांनी. मला त्यांच्या तोंडून एकदा "वा" ऐकायचंय.

पुष्पाबाई : मला पोर पाहिजे. तिसरी आखाजी शे ही. पहिलीले झोका बांधला, सोडला. दुसरीले बांधला, सोडला. औंदा निंबाले दोर बांधताना चिंधा हासला, म्हणे, मामी, हा दोर आता तुम्हीच झुला. तुमचं "वा" घाला चुलीत.

लोटन : मग ऐक. मोर मिटलाच पाहिजे. मी सांगून ठेवलंय पत्रात की पिसारा उघडतो आणि मिटतो. आता नुसता उघडा दिसला तर म्हणतील बिघडलं, आणि चालले धुळ्याला परत. तू पाटाच्या मागं बस, पडद्याआड. बटण हातात ठेव. मी एकदा खोकलो की बंद. दोनदा खोकलो की चालू.

पुष्पाबाई : मी? मोराच्या मागं? या वयात?

लोटन : मोराला कुठं कळतंय तुझं वय.

पुष्पाबाई : खरं सांगून टाका ना. मी सांगते, माझ्या हातून झालं.

लोटन : आणि ते म्हणतील, लोटनची चिप बिबड्यांत वाळली. डेपोत आणखी तीन वर्षं पुरेल. बस मागं. बस म्हणतो ना.

(चार वाजून गेले आहेत. मधल्या खोलीत पाटावर मोर लावलेला आहे. धुळ्याचे व्याही अभिमननाना दारात उभे राहून आधी खाली, मग मागे पाहतात.)

अभिमन : धुळे-शिंदखेडा गाडी, सुटण्याची वेळ अडीच, सुटली अडीच. येण्याची वेळ पावणेचार, आली चारला. कारण, वाटेत म्हैस. राम राम व्याही.

लोटन : राम राम नाना. या. बसा, या खुर्चीवर बसा.

अभिमन : आधी सांगा, या खुर्चीच्या आजूबाजूला कुठलं पातेलं, घमेलं, टोप, काही आहे का?

लोटन : नाही हो नाना.

अभिमन : वरण? पातळ भाजी? कढी?

लोटन : घरात आज फक्त पिठलं आहे, आणि ते घट्ट आहे.

अभिमन : हसू नका. छत्तीस वर्षं एसटीत काढली. वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालो. कधी एका माणसानं बोट दाखवलं नाही. आणि तुमच्या मांडवात काय? मंगलाष्टकं चालू, तुमच्या त्या नाचऱ्या दिव्यांनी आळीचा फ्यूज घालवला, अंधार झाला, मी म्हटलं चला, बसून घ्यावं. बसलो. तर वरणात.

लोटन : कोमट होतं नाना. देवाची कृपा.

अभिमन : कोमट होतं! आणि त्या अंधारात फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फ्लॅश मारला. आख्ख्या लग्नाचा एकच फोटो बरा आलाय, तो माझा. डेपोत मला आता काय म्हणतात ठाऊक आहे? वरणनाना. "वरणनाना, पिंपळनेर गाडी किती वाजता?" असं विचारतात.

लोटन : चुकलं नाना. हजारदा सांगितलं, चुकलं.

अभिमन : विहीणबाई कुठं आहेत? पाणीसुद्धा आलं नाही.

लोटन : त्या... शेजारी गेल्यात. येतीलच. तोवर मोर बघा. हा बघा नाना. बत्तीस पिसं, बत्तीस दिवे. दिल्लीहून शिकवून आणलेली चिप आहे आत.

अभिमन : हं. दिसायला बरा आहे. पिसारा मिटतो म्हणाला होतात पत्रात.

लोटन : मिटतो ना. हा आत्ता... खॉक्.

अभिमन : विझला!

लोटन : विझला नाही, मिटला. अहो उठू नका, मागं काही नाही. आता उघडतो. खॉक्, खॉक्. बघा!

अभिमन : बरोबर आहे. पण एकेक पीस मिटतं असं लिहिलं होतं. हा तर फाटक पडावं तसा एकदम पडला.

लोटन : ते... गरम झाला की असं करतो.

अभिमन : घसा बिघडलाय का तुमचा?

लोटन : थोडा.

अभिमन : मलाही गाडीत धूळ फार लागली. खिडकीची काच नव्हती. खॉक्.

लोटन : नाना!

अभिमन : अरे, हा परत विझला. मिटला म्हणा. आत्ता तर तुम्ही काही केलं नाही.

लोटन : तो आपोआपच असतो नाना. आपोआप.

अभिमन : असं? खॉक्, खॉक्.

लोटन : उघडला. बघा. आपोआप.

अभिमन : व्याही, जरा तुम्ही गप्प बसा. मला काहीतरी तपासायचंय. खॉक्. हं. मिटला. खॉक्, खॉक्. उघडला. आता, खॉक्, खॉक्, खॉक्.

पुष्पाबाई : तीनदाचं काही ठरलं नव्हतं!

अभिमन : राम राम विहीणबाई.

पुष्पाबाई : राम राम नाना. पाणी आणते. थांबा, पायले मुंग्या आल्या, उठता नही येत.

लोटन : नाना, तुम्ही काय म्हणाल ते कबूल. माझ्याच डोक्यातलं आहे हे. त्यांचा काही दोष नाही.

पुष्पाबाई : दोष माझाच शे. नाना, चिप चांगली होती. यांनी फार खटपट करून आणली होती. मी ती आठ दिवस उन्हात वाळवली, बिबड्यांसंगे. वरचा कागदबी सोलून फेकला. ती शिकलेली बठ्ठी विसरी गई. आता तिला फक्त उजेड करता येतो. मिटता येत नही.

अभिमन : बिबड्यांबरोबर?

पुष्पाबाई : हो.

अभिमन : पलटी करून?

पुष्पाबाई : रोज.

लोटन : हसा नाना. मोकळेपणानं हसा. उद्या डेपोत सांगा.

अभिमन : मी कुठं हसतोय. मी विचार करतोय. माझी अट काय होती?

लोटन : अर्धा तास न विझता चालायला पाहिजे. विझला तो. तीनदा विझला तुमच्यासमोर.

अभिमन : विझला नाही, विझवला. फरक आहे. पॅसेंजरनं घंटी वाजवून गाडी थांबवली तर गाडी नादुरुस्त असा शेरा मारता येत नाही. छत्तीस वर्षं तेच केलं मी. मला सांगा, तुम्ही दोघांनी हात लावला नाही तर हा विझेल?

लोटन : नाही. कोरी आहे ती. वीज आहे तोवर अशीच उभी राहील.

अभिमन : आणि ती शिकलेली असती तर?

लोटन : दर मिनिटाला पिसारा मिटला असता. पूर्ण अंधार. मग परत उघडला असता.

अभिमन : म्हणजे दर मिनिटाला माझ्यासमोर विझला असता. मग मी पहिल्याच मिनिटाला उठून धुळ्याची गाडी धरली असती. विहीणबाई, तुम्ही फार चांगलं वाळवलं. आता कुणी खोकायचं नाही. माझ्या घड्याळात चार चोवीस. लावली वेळ.

पुष्पाबाई : नाना, चहा ठेवू का?

अभिमन : ठेवा. पण चुलीकडे जाताना त्या बटणाला वळसा घालून जा.

लोटन : नाना, सुनंदा कशी आहे?

अभिमन : बरी आहे. तुमच्यासारखीच आहे. घरातला रेडिओ उघडून बसली होती मागच्या महिन्यात. मी म्हटलं, बाई, बंद कर, मला तुझ्या बापाची भीती वाटते. तर म्हणाली, नाना, सैल वायर होती, बसवली. आता विविध भारती लागतं.

लोटन : लहानपणी कैची देऊन बसवायचो तिला समोर. हे धर, ते धर.

अभिमन : तिनं सांगितलंय मला.

लोटन : नाना, एक विचारू? वरणाचा एवढा राग? तीन वर्षं?

अभिमन : वरणाचं काय, धोतर दुसऱ्या दिवशी धुतलं. डाग पण गेला.

लोटन : मग?

अभिमन : मग काही नाही.

पुष्पाबाई : घ्या चहा. मग काय, नाना? सांगा की.

अभिमन : तुमच्या विहीणबाई, म्हणजे आमच्या घरच्या, गेल्या त्याला सहा वर्षं झाली. मुलगा सकाळी सातला दुकानावर जातो, रात्री येतो. रिटायर माणूस घरात बसला की भिंतीला घड्याळ लावल्यासारखं असतं, कुणी बघतं, कुणी बघत नाही. सुनंदा आली तेव्हापासून कुणीतरी विचारतं, नाना, जेवलात का. नाना, आज कुठली गाडी लेट आहे. मी घरात बसून सांगतो, दोंडाईचा वीस मिनिटं. तिला माहीत असतं मी मनानंच सांगतो. तरी ती म्हणते, असं का. आखाजीला पोर माहेरी गेली की पंधरा दिवस येत नाही. पंधरा दिवस कुणाला सांगू गाडी लेट आहे?

लोटन : म्हणून अट घातली?

अभिमन : म्हटलं, लोटनभाऊचं यंत्र अर्धा तास चालेपर्यंत तिची सगळी माहेरपणं संपतील. कोणाला वाटलं होतं, तुम्ही दिल्लीला पत्रं लिहीत बसाल.

पुष्पाबाई : नाना, पाच वाजायला आले. अर्धा तास झाला असेल.

अभिमन : माझ्या घड्याळात अजून आहे.

लोटन : नाना, भिंतीवरच्या घड्याळात पाचला दोन कमी आहेत.

अभिमन : भिंतीवरचं तुम्ही दुरुस्त केलेलं असेल.

लोटन : तेही खरंच.

पुष्पाबाई : तुमची परतीची गाडी पाचचीच ना? उशीर होई. सुनंदा घरी वाट बघत असेल.

अभिमन : ऐका. हॉर्न ऐकू आला? तीच. शिंदखेडा-धुळे, सुटण्याची वेळ पाच. सुटली पाचला. वना कंट्रोलर आहे आज स्टँडवर, माझ्याच हाताखाली तयार झालेला. वेळेचा पक्का.

लोटन : अहो, मग तुम्ही गेला नाहीत? आता सातशिवाय गाडी नाही.

अभिमन : विहीणबाई, सुनंदा घरी नाही. वनाच्या केबिनमध्ये बसवलीय, पंख्याखाली, बॅग घेऊन. तिला सांगून आलो होतो. पाचच्या गाडीला मी स्टँडवर आलो, तर आपण दोघं परत. नाही आलो, तर तू घरी ये.

पुष्पाबाई : आनि तुम्ही आम्हाले आता सांगता? पोर तासभर स्टँडवर बसेल शे, आनि मी इथे मोराच्या मागं खोकले मोजी राह्यनी! चिंधा! अरे चिंधा कुठं गेला? जाते मीच!

अभिमन : बसा हो. निघाली असेल ती. दहा मिनिटांची वाट, तुमच्या चपला सापडेपर्यंत दारात येईल.

लोटन : नाना, तुम्ही पण राहा. आखाजीपर्यंत.

अभिमन : व्याही सुनेच्या माहेरी राहतो का कुठं? लोक काय म्हणतील?

लोटन : वरणनाना तर आधीच म्हणतात.

अभिमन : जेवायला काय असतं आखाजीला तुमच्याकडे?

पुष्पाबाई : सांजोऱ्या. खापरावरचे मांडे. आनि मांड्यांसंगे आमटी.

अभिमन : आमटी पातळ असते.

पुष्पाबाई : उतरंडीवर ठेवीन. तुमच्या डोक्याच्या वर.

अभिमन : मग बघू.

लोटन : वेळ झाली ना नाना आता? अट पूर्ण? मोर बंद करू का? एवढ्या उजेडात तसाही धड दिसत नाहीये. ट्रान्सफॉर्मरपण तापला असेल.

पुष्पाबाई : हात लावू नका. दाराच्या तोंडासमोर सरकवा त्याला, जरा तिरपा. पोरीनं आजवर तुमचं चालू असलेलं काहीच पाह्यलं नही.